अध्यक्षांना जिंकू द्यायचं

माझ्या भावाला बुद्धिबळ येतं आणि बाकी काही म्हणजे काही येत नाही. हे मी त्याच्या पाठीमागे बोलत नाहीये, तोंडावर रोज बोलते. दूध उतू जात असतं आणि हा शेगडीला टेकून उभा असतो. कोपऱ्यावरून साबण आणायला पाठवावा तर अर्ध्या तासाने हात हलवत परत येतो आणि विचारतो, "काय आणायचं होतं गं?" पण पटावर बसवा, समोरच्याच्या पाचव्या चालीला काय होणार ते त्याला आधीच दिसतं. तुम्ही म्हणाल, कौतुक आहे. असेल बाबा. पाच चाली पुढचं दिसणारा माणूस पायाखालच्या पायरीला अडखळतो, तेव्हा मलम मला लावावं लागतं.

दादा पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात कारकून होता. तिथे दरवर्षी कर्मचाऱ्यांच्या स्पर्धा व्हायच्या, त्यात बुद्धिबळही असायचं. अंतिम सामन्यात मोठे साहेब असायचेच आणि जिंकायचेही साहेबच. ही रीत तिथे कुणाला शिकवावी लागत नसे, नवा शिपाईसुद्धा आठवड्यात शिकायचा. एके वर्षी दादा अंतिम सामन्याला पोचला. वहिनीने सकाळी डबा हातात देताना सांगितलं होतं, "आज जरा सांभाळून घ्या." दादाने काही सांभाळून घेतलं नाही. साहेबांचा चहा येण्याआधी खेळ संपवला, आणि वर हात मिळवताना म्हणाला, "साहेब, तुम्ही तिसऱ्याच चालीला हरला होतात, कळायला वेळ लागला एवढंच." पुढच्या महिन्यात बढत्या झाल्या, इतरांच्या. दादा निवृत्त झाला तो त्याच खुर्चीवरून, जिच्या डोक्यावर पंखा नव्हता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे काय उगाच म्हणतात?

निवृत्तीनंतर वर्षभरात वहिनी गेली आणि मी त्याला आमच्याकडे घेऊन आले. तो यायला तयार झाला, कारण नाही म्हणायलाही थोडा उत्साह लागतो. मागच्या गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे बघत बसायचा. दाढी करणं सोडलं. जेवायला हाक मारली की यायचा, नाही मारली तर नाही. आमचे हे तसे मोजकं बोलणारे, पण एकदा म्हणाले, "तुझा भाऊ भिंतीशी खेळतोय आणि हरतोय." मला राग आला, पण खोटं काय होतं त्यात?

मी शाळेत हस्तकला शिकवते. आमच्या मुख्याध्यापिकांना, म्हणजे मोठ्या बाईंना, त्याच सुमारास कुणीतरी सांगितलं की पलीकडच्या शाळेत लहान मुलांची तर्कशक्ती वाढवतात. झालं. बाईंना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी विचारलं, "आपल्याकडे तर्कशक्ती कोण वाढवू शकेल?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी लगेच आपलं घोडं पुढे दामटलं. म्हटलं, माझा भाऊ आहे, लहान मुलांना बुद्धिबळ शिकवेल, मानधनाचं काय ते तुम्ही ठरवा. बाईंनी फाटकावर फलकसुद्धा लावला, 'तर्कशुद्ध विचारांची पायाभरणी, पहिली-दुसरीसाठी'. मला त्या पायाभरणीशी काडीचं देणंघेणं नव्हतं. माझ्या भावाने दाढी करावी, एवढंच मला हवं होतं.

आणि त्याने केली. वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी असायचा, खेळाचं सामान ठेवायच्या खोलीत. त्या दोन दिवशी सकाळी न्हाणीघरातून साबणाचा वास यायचा आणि मी स्वयंपाकघरात उगाचच भांडी वाजवत राहायचे. इस्त्रीचा शर्ट घालून स्वारी निघायची. आधी मंगळवार-शुक्रवार, मग रोजच दाढी व्हायला लागली. एकदा तर दूध उतू जायच्या आत शेगडी बंद केली त्याने.

शिकवायची त्याची तऱ्हा वेगळीच. मुलांना बसवल्यावर पहिलं फर्मान, "हात मांडीखाली." दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचं आणि विचार पुरा झाल्याशिवाय बाहेर काढायचे नाहीत, कारण हात लावला ती सोंगटी चालवावीच लागते. दुसरं म्हणजे, प्रत्येक चालीआधी स्वतःला विचारायचं, 'समोरच्याला काय हवंय?' ते कळलं की मग आपलं बघायचं. तो मुलांशी खेळायचा तेव्हा मुद्दाम कधी हरायचा नाही. एका आईने गळ घातली, "लहान आहे हो, एखाद्या वेळी जिंकू द्या की." दादा म्हणाला, "मी खोटं हरलो हे तिला आज नाही तर उद्या कळेल. मग तिने माझं काय ऐकायचं?"

आणि बरोबरीचं तर त्याला वावडंच. खेळात एक गंमत आहे. हरत आलेल्या राजाला शह नाही, पण हलायला जागाही नाही आणि चालवायला दुसरं प्यादंही उरलेलं नाही, असं झालं की खेळ तिथेच थांबतो आणि बरोबरी धरतात. जिंकत आलेला कपाळाला हात लावतो. दादाला ही तरतूदच मुळात पसंत नव्हती. मुलांना ती शिकवताना त्याचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं होतं. "हरणाऱ्याने बरोबरीत लपायचं नाही," त्याने बजावलं. "लाजिरवाणं असतं ते. जिंका नाहीतर सरळ हरा."

त्या वर्गात एक मुलगी होती. दुसरीतली, पुढचे दोन दात पडलेली. तिला सगळे काबाई म्हणायचे, कारण ती दर वाक्याला 'का?' विचारायची. घोडा अडीच घरंच का जातो? वजीर असताना राजा का मोठा? राजा एवढा मोठा तर एकच घर का चालतो? इतर शिक्षक तिच्या तासाला जाताना पाणी पिऊन जायचे. दादाला मात्र ती भेटली आणि गंगेत घोडं न्हालं. घरी जेवताना बोलणं तिचंच. "आज काबाईने हत्ती सोडला, पण का सोडला विचार." मी विचारायचे नाही, तरी तो सांगायचा.

पालक मात्र दोन महिन्यांत तक्रार घेऊन आले. तर्कशक्ती वाढावी म्हणून त्यांनी मुलं घातली होती आणि ती खरोखरच वाढायला लागली, ही पंचाईत. एक गृहस्थ म्हणाले, "मी फोनवर 'घरी नाहीये' म्हणालो, तर मुलगा पाहुण्यांसमोर विचारतो, मग हे कोण बोलतंय?" एक बाई म्हणाल्या, "लवकर झोप म्हटलं की कारण मागते. कारण दिलं तर म्हणते, मग तुम्ही का जागे?" शेवटी त्या गृहस्थांनीच तोडगा काढला, "तर्क शाळेपुरता ठेवता येणार नाही का?" मोठ्या बाईंनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "बघू या." या कुरबुरी संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत गेल्या. त्यांनी कळवलं, बक्षीस समारंभाला येतोच आहे, तेव्हा या वर्गाचं काय ते बघून ठरवतो. पुढच्या वर्षी ठेवायचा की त्या खोलीत चित्रफिती दाखवायचा मोठा पडदा बसवायचा.

मोठ्या बाईंनी बेत आखला. व्यासपीठावर टेबल मांडायचं, अध्यक्षांचा आणि वर्गातल्या सगळ्यांत हुशार मुलीचा एक डाव ठेवायचा. अध्यक्ष जिंकले की खूश, आणि खूश झाले की वर्ग वाचला. मला विचाराल तर बेत चोख होता. समारंभाच्या दिवशी मी व्यासपीठामागे रंगीत कागदाच्या झिरमिळ्या चिकटवत होते, हात डिंकाने बरबटलेले. बाई काबाईला घेऊन तिथेच आल्या.

"बाळ, आज अध्यक्षकाकांना जिंकू द्यायचं बरं का."

"का?"

"ते मोठे आहेत ना."

"मग ते आपोआपच जिंकतील."

"तसं नाही. पाहुण्यांना आपण आधी खुर्ची देतो की नाही? तसंच हे."

काबाईने जरा विचार केला. "त्यांना जिंकता येतं का?"

"म्हणजे गं?"

"मी हरले तरी त्यांना जिंकावं लागेल ना. ते त्यांना येतं का?"

"तू हर, बाकीचं होईल आपोआप," बाई म्हणाल्या. "आणि सरांना सांगू नकोस, त्यांना गंमत." मी ऐकत होते आणि मला ते शंभर टक्के पटलं होतं. दादाच्या कानावर गेलं असतं तर त्याने तिथेच तत्त्व काढून ठेवलं असतं, म्हणून मीही गप्प बसले.

खेळ सुरू झाला. दादाला पंख्या-दिव्यांच्या बटणांपाशी उभं केलं होतं, म्हणजे वर्ग त्याचा आणि काम बटणाचं. मी शेजारी. टेबलावर माइक ठेवलेला. अध्यक्षांनी पहिल्याच फटक्यात घोडा सरळ नेला. काबाई हळूच म्हणाली, "घोडा अडीच घरं जातो, काका." ते माइकमधून सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. "तुझी परीक्षा बघत होतो," अध्यक्ष म्हणाले. लोक हसले, टाळ्या पडल्या.

काबाईने वजीर त्यांच्या सोंगट्यांच्या माऱ्यात उघडा ठेवला. त्यांना दिसला नाही. पुढच्या चालीला तिने तो आणखी जवळ नेला, तेव्हा कुठे दिसला. मग एक हत्ती दिला, दोन्ही उंट दिले, एकेक करत बाकीचंही दिलं. दादाचा चेहरा उतरत चालला. "हिला झालंय काय? ताप आहे का?" मी म्हटलं, "घाबरली असेल." तिचा राजा आणि कडेचं एक प्यादं एवढंच उरलं, अध्यक्षांचं सगळं सैन्य उभं, आणि तरी त्यांना मात करता येईना. ते नुसतेच इकडून तिकडे सोंगट्या फिरवत होते. मधेच केव्हातरी शह बसायचा, मग ते माइकमध्ये वाकून "शह" म्हणायचे आणि सभागृह टाळ्या वाजवायचं. राजा निसटायचा, की परत फिरणं चालू. काबाईला काही सुचलं नाही की ती ते कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवायची. पालक जांभया द्यायला लागले. मोठ्या बाई पदराने वारा घेत होत्या. माणसाला थाळी वाढून दिली आणि घास कसा घ्यायचा तेच त्याला ठाऊक नाही, असला प्रकार.

मग काबाईने दोन्ही हात मांडीखाली घेतले. पटाकडे बघितलं नाही, अध्यक्षांच्या तोंडाकडे बघत बसली. बराच वेळ बघितलं. मग हात काढला आणि राजा अगदी शेवटच्या ओळीत नेऊन ठेवला, जिथून बाहेर पडायची वाट अध्यक्षांच्या हत्तीने आधीच अडवली होती, त्यांच्याही नकळत.

"तिथे कशाला नेला हिने?" दादा पुटपुटला. मग त्याने माझा दंड धरला. "अगं, आता ते शह देतील ती मातच होणार. दुसरं काही होऊच शकत नाही. त्यांना मात येत नाही, पण शह म्हणायला आवडतो. ती हरत नाहीये गं. ती त्यांना जिंकवतेय." मी झिरमिळ्यांकडे बघत राहिले. "हिला हे कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

अध्यक्षांनी दुसरा हत्ती उचलला, माइकमध्ये वाकले आणि म्हणाले, "शह." मग वाट बघत बसले. काबाई म्हणाली, "मात झाली, काका." अध्यक्षांनी विचारलं, "कुणाची?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मोठ्या बाईंचा चेहरा फुलला, माझाही. अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. म्हणाले, "मी आयुष्यात बुद्धिबळ शिकलो नाही. लहानपणी मामाकडे बघितलं होतं, तेवढंच. तरी आज तुमच्या सगळ्यांत हुशार विद्यार्थिनीला हरवलं. आता मला सांगा, न शिकलेला माणूस जर वर्षभर शिकलेल्याला हरवतो, तर वर्षभर शिकवलं काय? मुलीचा दोष नाही, गोड मुलगी आहे. पण हा वर्ग कशासाठी?" आणि तिथल्या तिथे वर्ग बंद केल्याचं आणि पडदा मंजूर केल्याचं जाहीर केलं. पालकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, मघापेक्षा जोरात.

मी हादरले. मोठ्या बाई पायाच्या अंगठ्याकडे बघत होत्या. त्यांच्या बेतात सगळं होतं, जिंकलेला माणूस त्याचा अर्थ काय काढेल एवढं सोडून. मी दादाला कोपराने ढोसलं, "बोल ना. ती मुद्दाम हरली, सांग त्यांना." दादा म्हणाला, "मुलीने सगळ्यांसमोर खोटेपणा केला म्हणून सांगू? ती समोर बसलीय." आणि थोड्या वेळाने म्हणाला, "शिवाय त्यांच्या बोलण्यात चूक काढून दाखव. दिसलं त्यावरून तेच निघतं." तर्कशक्तीचा वर्ग सुरू झाल्यापासून त्या इमारतीत इतक्या महिन्यांत एवढं बिनतोड कुणी बोललं नव्हतं, आणि बोलले ते नेमके अध्यक्ष. घरी येताना मी दादाला सगळं सांगून टाकलं, बाई, खुर्ची, गंमत. तो एवढंच म्हणाला, "हं."

पट आणि सोंगट्यांचे डबे आमच्या पलंगाखाली आले. दादा गॅलरीत गेला. भिंत होतीच. सकाळी साबणाचा वास येईना. मी भांडायला गेले की माझ्याकडे बघून हसायचा, आणि ते हसणं बघून मला रडू यायचं. बक्षीस समारंभासाठी केलेली दाढी पांढऱ्या खुंटांखाली गेली.

मग एका रविवारी दारात काबाई आणि तिची आई. आई ओशाळून म्हणाली, "आठवडाभर डोकं खातेय. सरांनाच विचारायचंय म्हणते, आम्हाला उत्तर येईना." काबाई थेट गॅलरीत गेली आणि दादासमोर उभी राहिली.

"सर, मी नीट हरले ना?"

दादाने तिला बघितलं. कितीतरी दिवसांनी तो खुर्चीत ताठ बसला. "एवढं चांगलं मला आयुष्यात कधी हरता आलं नाही," तो म्हणाला. मस्करी नव्हती ती. मला त्याचे साहेब आठवले, वहिनीचा डबा आठवला.

"मग वर्ग का गेला?"

"ते जिंकले म्हणून."

"मी जिंकले असते तर राहिला असता?"

"नाही. मग ते चिडले असते. तरी गेलाच असता." दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "त्या पटावर चांगली चालच नव्हती, बाळ. मी खूप शोधली. तुझं काही चुकलं नाही."

तिचं समाधान झालं असावं असं मला वाटलं. मी तिच्या आईला चहा देत होते. पण काबाई जमिनीवर बसली, दोन्ही हात मांडीखाली घेतले, आणि भिंतीकडे बघत विचार करायला लागली. दादा आणि ती, दोघं त्या भिंतीकडे बघतायत. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बरोबरी झाली असती तर?"

दादाने भिंतीवरची नजर काढून तिच्याकडे बघितलं.

"काका म्हणाले असते, मी मोठा असूनसुद्धा हिने मला जिंकू दिलं नाही, म्हणजे वर्ग चांगला आहे. आणि हरले नाहीत म्हणून चिडले पण नसते."

"बरोबरी कशी झाली असती?" दादाने विचारलं.

"ते सारखं माझ्या राजाला कोंडत होते ना, शह न देता. दोनदा कोंडलं. दुसरं काही चालवायला नसतं तर झालीच असती. म्हणून तर मी ते कडेचं प्यादं जपून ठेवलं होतं." तिने मांडीखालून एक हात काढून नाक पुसलं आणि परत आत घातला. "मला दिसत होती बरोबरी. पण तुम्ही म्हणाला होतात, हरणाऱ्याने त्यात लपायचं नाही. लाजिरवाणं असतं."

चहाचा कप माझ्या हातातच राहिला. दादाने खुर्चीतल्या खुर्चीत आपले दोन्ही हात मांडीखाली घेतले, वर्गातल्या मुलांसारखे. साठी उलटलेला माणूस. मी त्याला लहानपणापासून ओळखते, पण चूक झाली हे तोंडाने म्हणताना त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"मी चुकीचं शिकवलं," तो म्हणाला. "तुलाही, आणि त्याआधी मलाही. साहेबांशीसुद्धा बरोबरी करता आली असती, ती मला कधी सुचलीच नाही."

"कोण साहेब?" काबाईने विचारलं. उत्तराची वाट न बघता पुढचं विचारलं, "मग आता कोण शिकवणार बरोबरी?"

दादाने गालावरच्या खुंटांवरून हात फिरवला. माझ्याकडे बघितलं, पलंगाकडे बघितलं. म्हणाला, "मलाच येत नाही गं. उद्या ये. दोघं मिळून शिकू."

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून साबणाचा वास आला. शेगडीवर दूध उतू गेलं, आणि शेजारी मीच उभी होते.